धाकट्या टर्बो डिझेल एंजिनाची ओळख, त्याचे दोष व निगा

शेतकऱ्याच्या दारात आज बहुधा दोन डिझेल एंजिने असतात. एक ट्रॅक्टरचे अथवा विहिरीवरील पंपाचे, आणि दुसरे घरच्या मोटारीचे. पहिल्याशी आपला परिचय दोन-तीन पिढ्यांचा आहे. त्याचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखणारी माणसे प्रत्येक गावात सापडतात. दुसऱ्याविषयी मात्र आपला असा समज झालेला आहे की, तेही डिझेलवरच चालते, तेव्हा त्याची प्रकृतीही तशीच दणकट असणार. हा समज चुकीचा असून त्यापायी पुष्कळांस मोठा भुर्दंड सोसावा लागला आहे. खुद्द प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक होय. यास्तव आपल्या भागात ज्याचा प्रसार सर्वांत अधिक झाला, त्या १२४८ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी टर्बो डिझेल एंजिनाची रचना, मापे व नेहमी उद्भवणारे दोष यांचा विचार या पाठात करावयाचा आहे. प्रारंभीच एक खुलासा करणे जरूर आहे. या लेखात 'तेल' हा शब्द वंगणाच्या तेलाबद्दल, म्हणजे ऑइलबद्दल, वापरला आहे. जळणास सर्वत्र 'डिझेल' असेच म्हटले आहे.

१. एंजिनाचे कुळ

हे एंजिन इटलीतील फियाट व अमेरिकेतील जनरल मोटर्स या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केले आणि २००३ साली ते बाजारात आणले. फियाटने त्यास 'मल्टिजेट' हे नाव दिले. युरोपासाठी ते पोलंडातील बिएल्स्को-बियावा या गावी तयार होई. आपल्या देशात मारुतीने त्याचा परवाना घेऊन हरियाणातील मानेसर येथे ते बांधावयास आरंभ केला व जानेवारी २००७ मध्ये ते स्विफ्ट मोटारीत बसविले. पुढे २००८ साली टाटांच्या इंडिका व्हिस्टात आणि २००९ साली फियाटच्या लिनिया व पुंतो या मोटारींत ते आले. यांपैकी फियाटचे उत्पादन आपल्याच प्रांतात, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील रांजणगाव येथील कारखान्यात, होत असे. मारुतीच्या डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा इत्यादी मोटारींतही हेच एंजिन निरनिराळ्या नावांनी होते. मारुती त्यास 'डीडीआयएस' म्हणे, टाटा 'क्वाड्राजेट' म्हणत. इतक्या कंपन्यांनी ते वापरल्यामुळे मोटारींचे शौकीन त्यास गमतीने 'राष्ट्रीय एंजिन' म्हणू लागले.

एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे नवे नियम लागू झाले, आणि त्यांबरोबरच आपल्याकडील नव्या मोटारींतून या एंजिनाने निरोप घेतला. म्हणजे आज रस्त्यावर जी आहेत ती सर्व जुनी आहेत, आणि जो कोणी अशी मोटार घेईल तो ती दुसऱ्याच्या हातची घेईल. या कारणाने त्याच्या निगेचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

२. मापे

वाचकांच्या सोयीसाठी मुख्य मापे खाली एकत्र दिली आहेत.

सिलिंडर: ४, एका ओळीत.
सिलिंडरचा व्यास: ६९.६ मिलिमीटर.
पिस्टनचा पल्ला: ८२ मिलिमीटर.
एकूण आकारमान: १२४८ घनसेंटिमीटर.
व्हॉल्व्ह: १६, म्हणजे दर सिलिंडरला ४, त्यांस चालविणारे कॅमशाफ्ट २.
कॅमशाफ्ट फिरविण्याचे साधन: पोलादी साखळी.
हवा दाबण्याचे प्रमाण: आरंभीच्या एंजिनांत १८ पट; पुढे ते थोडे कमी करण्यात आले.
शक्ती: साध्या टर्बोच्या प्रकारात मिनिटास ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती, बदलत्या पाकळ्यांच्या टर्बोच्या प्रकारात ९० अश्वशक्ती.
पीळ: पहिल्या प्रकारात सुमारे २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर, दुसऱ्यात १७५० फेऱ्यांना २०० न्यूटन-मीटर.
वजन: सुमारे १३० किलो.
तेल: सुमारे ३ लिटर.

पीळ म्हणजे फिरविण्याचा जोर. एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकास सुमारे १९ किलो वजन टांगले असता दुसऱ्या टोकाच्या अक्षावर जो जोर पडतो, तो साधारण १९० न्यूटन-मीटर समजावा.

नुसत्या आकड्यांवरून बोध होणे कठीण. म्हणून आपल्या परिचयाच्या एंजिनाशी तुलना करून पाहू. इंग्लंडातील लिस्टर कंपनीच्या धर्तीवर राजकोट वगैरे ठिकाणी बनलेले ६ अश्वशक्तीचे पंपाचे एंजिन आपल्यापैकी अनेकांच्या विहिरीवर होते. त्याच्या एकुलत्या एका सिलिंडरचा व्यास साडेचार इंच व पिस्टनचा पल्ला साडेपाच इंच असे. म्हणजे आकारमान सुमारे १४३० घनसेंटिमीटर झाले. ते मिनिटास ६५० फेरे घेई व ६ अश्वशक्ती देई. याउलट मोटारीचे हे एंजिन त्याहून लहान असूनही त्याच्या बारापट काम करते. पंपाच्या एंजिनातील पिस्टन सरासरीने सेकंदास तीन मीटर धावे. मोटारीतील पिस्टन पूर्ण वेगात सेकंदास जवळजवळ अकरा मीटर धावतो. लहान अंगातून इतके काम काढावयाचे म्हणजे प्रत्येक भागावर ताण अधिक, उष्णता अधिक, आणि दोन धातूंमधील तेलाचा थर फारच पातळ. पंपाचे एंजिन म्हणजे नांगराचा बैल. हे शर्यतीचे खोंड आहे. दोघांस एकाच गव्हाणीवर बांधून चालत नाही.

३. टर्बो व डिझेलची फवारणी

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात आलेली हवा सतरा-अठरा पट दाबली असता ती इतकी तापते की, तीत उडविलेले डिझेल आपोआप पेटते. अधिक शक्ती पाहिजे तर अधिक डिझेल जाळले पाहिजे, आणि त्यास अधिक हवा पुरविली पाहिजे. हे काम टर्बो करतो. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकास असलेले चक्र बाहेरची हवा ओढून एंजिनात दाबून भरते. हा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्यास गोळ्यांचा बेअरिंग नसून तो तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. तो थर क्षणभर जरी तुटला, तरी दांडा घासला गेलाच म्हणून समजावे.

डिझेल फवारण्याची पद्धतीही निराळी आहे. जुन्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरसाठी पंपाचा एक दट्ट्या डिझेल ढकलीत असे. येथे एका जाड नळीत डिझेल सतत भारी दाबाखाली साठविलेले असते आणि विजेच्या इशाऱ्याने इंजेक्टर उघडतो व मिटतो. या पद्धतीवर इटलीत फियाटच्या संशोधकांनी काम केले, जर्मनीतील बॉश कंपनीने ती उत्पादनास योग्य केली, आणि १९९७ साली आल्फा रोमिओ १५६ या मोटारीत ती विक्रीस आली. तिचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे मल्टिजेट. यात एका जळणासाठी लागणारे डिझेल एकदम न उडविता पाचपर्यंत तुकड्यांनी उडविता येते. प्रथम किंचित डिझेल पेटवून सिलिंडर तयार केला जातो व नंतर मुख्य फवारा सोडला जातो. त्यामुळे जुन्या डिझेलचा ठोका कमी झाला व धूरही घटला. मात्र या नळीतील दाब चाकातील हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो, आणि इंजेक्टरची छिद्रे माणसाच्या केसाहून फारशी मोठी नसतात. अशा यंत्रास घाणेरडे डिझेल म्हणजे विषच होय.

येथवरच्या विवेचनाचे सार असे निघते की, या एंजिनाचे आयुष्य तीन गोष्टींच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे: तेल, हवा आणि डिझेल. पुढे सांगितलेले बहुतेक दोष या तिहींपैकी एकात झालेल्या हयगयीतून उत्पन्न होतात.

४. साखळीचा दोष

या एंजिनाचा सर्वांत खर्चिक दोष साखळीचा होय. अनेक एंजिनांत कॅमशाफ्ट रबरी पट्ट्याने फिरवितात व तो पट्टा ठरावीक अंतरावर बदलावा लागतो. येथे साखळी असल्यामुळे तो खर्च नाही, आणि साखळी एंजिनाच्या जन्माबरोबर येऊन त्याच्या मरणाबरोबर जाईल अशी कल्पना होती. तेल वेळेवर बदलले तर ती पुष्कळ अंशी खरीही ठरते. परंतु साखळी ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी झाले किंवा त्याचे सत्त्व गेले की दाब मंदावतो, साखळी सैल पडते, तिच्या कड्यांची झीज होते, आणि ती ज्या पट्ट्यांवरून सरकते त्या गाइडांवर आपटू लागते. सकाळी थंड एंजिन सुरू करताच पहिले काही क्षण पत्र्याच्या डब्यात खडे हलविल्यासारखा आवाज येणे हे याचे पहिले लक्षण होय. या टप्प्यावर उपाय केला तर साखळी, टेन्शनर व गाइड एवढ्यांवर भागते. दुर्लक्ष केले तर एके दिवशी साखळी दाते सोडते, पिस्टन व व्हॉल्व्ह यांची गाठ पडते, आणि रॉकर मोडतात. दैव बलवत्तर असेल तर तेवढ्यावर निभावते. नाही तर व्हॉल्व्ह वाकून सारे हेड उतरवावे लागते.

लेखकाने हा अनुभव स्वतःच्या पैशाने घेतला आहे. ऊसतोडीचा हंगाम होता. मोटार रोज शेत, कारखाना व तालुका अशा खेपा करीत होती. तेल बदलण्याचे अंतर उलटून चार हजार किलोमीटर झाले होते. पंपाच्या एंजिनात तेल कमी झाले की वर थोडे ओतावे, एवढाच संस्कार आमच्यावर होता. आणि मोटारीची दांडी काढून पाहण्याचेही आमच्या मनात आले नाही. सकाळी खडखड होई, पण दोन-चार क्षणांत थांबे; म्हणून तिच्याकडे काणाडोळा केला. पंधरवड्याने मोटार चालू होईना. मिस्त्रीने ऑइल पॅनचा बोल्ट सोडला तेव्हा तीन लिटरांच्या जागी जेमतेम दीड लिटर डांबरासारखा रस निघाला. "आप्पा, मोटारीला तहान लागली होती, ती ओरडून सांगत होती," एवढेच तो म्हणाला. साखळी, टेन्शनर, गाइड, रॉकर व मजुरी मिळून त्या वर्षीच्या एका दुभत्या म्हशीची किंमत गेली. वाचविले होते ते तीन लिटर तेल.

तेलाविषयी दोन गैरसमज येथेच दूर केले पाहिजेत. डिझेल एंजिनातील तेल भरल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे होते. तेव्हा रंगावरून त्याची परीक्षा होत नाही. काळे तेल पाहून घाबरू नये, आणि 'अजून फार काळे नाही' म्हणून लांबणीवरही टाकू नये. अंतर व महिने यांचाच हिशेब धरावा. दुसरे असे की, तेलाची प्रत मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत सांगितली असते तीच घ्यावी. ट्रॅक्टरच्या डब्यातील उरलेले जाड तेल यात ओतू नये. युरोपात काही मोटारींस वीस-तीस हजार किलोमीटरपर्यंत एकच तेल चालविण्याची मुभा होती. पण तेथील स्वच्छ, थंड, लांब रस्त्यांचा नियम आपल्या धुळीच्या, उन्हाच्या व थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांस लावणे शहाणपणाचे नव्हे. पुस्तिकेतील अंतर ही कमाल मर्यादा समजावी. लेखक आता दर साडेसात हजार किलोमीटरांनी अथवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तेल व त्याचा फिल्टर बदलतो.

५. टर्बोचे दोष

टर्बो बिघडण्याची कारणे मुख्यत्वे तीन आहेत. पहिले, घाणेरडे अथवा अपुरे तेल. दुसरे, हवेचा फाटका अथवा सैल बसविलेला फिल्टर. उसाच्या गाड्यांच्या रस्त्यावरील बारीक धूळ आत गेली की टर्बोच्या पात्यांवर आणि सिलिंडरांच्या भिंतींवर पॉलिश कागदाचे काम करते. फिल्टर स्वच्छ करताना पुष्कळ ठिकाणी पंक्चरच्या दुकानातील हवेचा झोत अगदी जवळून मारतात. त्याने कागदास सूक्ष्म भोके पडतात व फिल्टर नुसता नावाचा राहतो. हलकेच झटकावा, अथवा सरळ नवा घालावा. तिसरे कारण म्हणजे घाईने एंजिन बंद करणे. लांबचा घाट चढून येऊन दारात मोटार थांबविताच किल्ली फिरविली तर टर्बोचे तेल येणे बंद होते, पण त्याची उष्णता कायम राहते. आत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो व तेलाच्या वाटा बुजतात. याकरिता भारी चालीनंतर एक मिनिट एंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे. आणि सकाळी सुरू केल्यावरही तेल वर पोहोचेपर्यंत पाय दाबू नये.

टर्बो तेल सोडू लागला की मागून निळसर धूर येतो व तेल झपाट्याने घटते. अशी मोटार चालविणे धोक्याचे आहे. तेच तेल सिलिंडरात जाऊन जळू लागले तर किल्ली काढली तरी एंजिन थांबत नाही, उलट वेग वाढवीत जाते. असा प्रसंग आल्यास ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा व क्लच सोडून एंजिन कोंडून बंद पाडावे.

प्रत्येक वेळी दोष टर्बोचाच असतो असे मात्र नाही. मोटारीचा जोर गेला व काळा धूर येऊ लागला, तर टर्बोकडून एंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी प्रथम पाहावी. ती चिरली असता अथवा तिचा पट्टा सुटला असता अगदी हीच लक्षणे दिसतात. थोड्या पैशांच्या नळीपायी नवा टर्बो घेतल्याची उदाहरणे घडतात. म्हणून मिस्त्रीस आधी नळी दाखवावयास सांगावे.

६. काजळीचा दोष

धुरातील घातक वायू कमी करण्यासाठी या एंजिनात थोडा धूर पुन्हा आत सोडण्याची योजना असते. त्या वाटेवरील व्हॉल्व्हास मिस्त्री लोक ईजीआर म्हणतात. धुरातील काजळी व एंजिनातून येणारी तेलाची वाफ यांचा चिकट लेप या व्हॉल्व्हावर बसतो. मग तो उघडा राहतो अथवा मिटत नाही. एंजिन मंद चालीत थरथरते, धूर काळा होतो, आणि मोटार ओढत नाही. व्हॉल्व्ह काढून साफ केल्यास बहुधा दोष जातो.

मात्र काजळी होण्याचे मूळ आपल्या चालविण्यात असते. ट्रॅक्टर कमी फेऱ्यांवर ओढतो, म्हणून आपण मोटारही वरच्या गिअरात हळू हळू चालवितो व त्यात डिझेल वाचले असे मानतो. हा टर्बो साधारण १८०० ते २००० फेऱ्यांच्या पुढे खरा जागा होतो. त्याखाली चढावर वरचा गिअर ठेवून पाय दाबला तर हवा अपुरी पडून काजळी होते, एंजिनास धक्के बसतात, आणि क्लचही झिजतो. चढ आला की गिअर उतरवावा. तसेच गाव ते फाटा एवढ्याच फेऱ्या होत असतील तर आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर अर्धा तास मोटार मोकळी चालवावी. युरोपातील पुढच्या काळातील मोटारींत धुराच्या नळीत काजळी अडविणारा फिल्टर असतो. तो तुंबणे आणि तो जाळून साफ करताना डिझेल तेलात मिसळणे हे तेथील नेहमीचे गाऱ्हाणे आहे.

७. डिझेलचे दोष

शेतकऱ्याच्या मोटारीस हा दोष शहरातल्यापेक्षा अधिक होतो, कारण आपल्या घरी ट्रॅक्टरसाठी पिपात डिझेल भरलेले असते व अडचणीच्या वेळी तेच मोटारीत ओतले जाते. अर्धवट भरलेल्या पिपात रात्रीच्या गारव्याने दव धरते. ते पाणी तळाशी बसते व गंज उत्पन्न करते. ट्रॅक्टर हे काही काळ सहन करील; या इंजेक्टरांस ते सहन होत नाही. डिझेलच्या फिल्टरखालील बोल्ट सोडून साचलेले पाणी काढण्याची सोय असते. काही मोटारींत पाणी साचल्याचा दिवाही लागतो. पावसाळ्याच्या आरंभी व शेवटी हे पाणी अवश्य काढावे, व फिल्टर वेळच्या वेळी बदलावा.

रॉकेलची भेसळ हा त्याहून वाईट प्रकार होय. भारी दाबाच्या पंपास निराळे वंगण नाही. त्याचे वंगण डिझेलच आहे. रॉकेल कोरडे असल्याने पंपाचे भाग एकमेकांस खातात व त्यांचा धातूचा कीस थेट इंजेक्टरात जातो.

इंजेक्टर जेथे बसतो तेथे तळाशी तांब्याची चकती असते. ती सैल पडली तर सिलिंडरातील वायू बाहेर येऊन 'चक् चक्' असा आवाज होतो व इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. लवकर ध्यानात आले तर चकती बदलून काम होते. उशीर झाला तर इंजेक्टर चिकटून बसतो व निघता निघत नाही. इंजेक्टर बदलला असता त्यावरील अंक मोटारीच्या संगणकात भरावे लागतात, हेही विसरू नये; ते भरले नाहीत तर नवा इंजेक्टरही नीट फवारीत नाही.

८. लक्षणावरून दोष ओळखणे

सकाळी क्षणभर खडखड: तेल पाहावे, नंतर साखळी.
काळा धूर व जोर कमी: हवेचा फिल्टर, रबरी नळी, ईजीआर या क्रमाने पाहावे.
निळा धूर व तेलाची घट: टर्बो, अथवा पिस्टनच्या रिंगा.
गरम झाल्यावरही पांढरा धूर व पाण्याची घट: हेडची गॅस्केट.
थंडीत उशिरा सुरू होणे: हवा तापविणारे ग्लो प्लग, अथवा बॅटरी.
चालताना अडखळणे: डिझेलच्या फिल्टरात पाणी अथवा कचरा.
तेलाचा तांबडा दिवा: तेथल्या तेथे एंजिन बंद करावे, 'घर जवळच आहे' असे म्हणू नये.

रेडिएटरविषयीही दोन शब्द. त्यात विहिरीचे अथवा बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षारांचा थर आत बसून एंजिन तापू लागते. पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच योग्य प्रमाणात घालावे.

९. जुनी मोटार घेताना

हे एंजिन असलेली मोटार आता जुनीच मिळणार, हे वर सांगितले आहे. ती पाहावयास सकाळी, एंजिन थंड असताना, जावे. व मालकास आधी सुरू करून ठेवू नये असे सांगावे. पहिले चार क्षण कान देऊन ऐकावे. तेलाची दांडी काढून पातळी पाहावी. वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर तेही संशयास्पद. तेल भरण्याचे झाकण काढून आत घट्ट काळा गाळ आहे काय ते बघावे. मग एखाद्या चढावर दोन हजार फेऱ्यांच्या पुढे नेऊन जोर येतो की नाही व मागे धूर कसा निघतो हे दुसऱ्या माणसास पाहावयास सांगावे. सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे तेल बदलल्याच्या पावत्या. रंग, गादी व चाके यांवर भुलून जाण्यापेक्षा या पावत्या मागाव्यात. ज्याने त्या जपून ठेवल्या, त्याने एंजिनही जपले असण्याचा संभव अधिक. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, व त्यापुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आरंभीच्या मोटारींची ती मुदत केव्हाच संपली आहे. सबब कागदपत्रे आधी पाहून मग दर ठरवावा.

१०. निगेचे वेळापत्रक

दर पंधरवड्यास सपाट जागी, एंजिन बंद करून दहा मिनिटांनी तेलाची दांडी पाहावी. खालच्या खुणेजवळ आले असता त्याच प्रतीचे तेल थोडे थोडे घालावे, पण वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नये. दर महिन्यास रबरी नळ्या व कूलंट पाहावे. ऊसतोडीच्या वा मळणीच्या हंगामानंतर हवेचा फिल्टर काढून बघावा. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांस डिझेलच्या फिल्टरातील पाणी काढावे. तेल बदलल्याची तारीख व मीटरचा आकडा एका वहीत लिहावा. आपण जनावरांच्या लसीकरणाची नोंद ठेवतो, तशीच ही ठेवावी.

ज्या ट्रॅक्टरवर आपण शिकलो, त्याच्या एंजिनात याच्या दुपटीच्या घरात तेल असते व त्याची चाल संथ असते. म्हणून तो आपल्या चुका पोटात घालतो. या धाकट्या एंजिनापाशी चुका पोटात घालण्याइतके पोटच नाही. ते थोडे डिझेल पिऊन पुष्कळ काम देते. त्याच्या बदल्यात ते वर्षातून तीन-चार लिटर ताजे तेल, स्वच्छ हवा व निर्मळ डिझेल एवढेच मागते. तेवढे ज्याने नियमाने दिले, त्याच्या दारात हे एंजिन अजून पुष्कळ वर्षे राबेल. वाचकांनी हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वी एकवार अंगणात जाऊन आपल्या मोटारीची तेलाची दांडी काढून पाहावी, एवढीच विनंती आहे.